घरात कोणता पक्षी आणावा? दोन हजार वर्षांच्या इतिहासातून मिळणारे उत्तर

‘डॉक्टर, मुलं हट्ट करतात, घरी एखादा पक्षी ठेवला तर चालेल का? आणि ठेवायचा तर कोणता?’ हा प्रश्न आसगावात मला वर्षातून दहा-वीस वेळा तरी विचारला जातो. विचारणाऱ्याला एका ओळीत उत्तर हवे असते. माझ्याकडे ते आहेही, पण त्यामागचा इतिहास कळला नाही तर पटत नाही. म्हणून आजच्या लेखात औषधांची चर्चा कमी आणि इतिहास जास्त आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. पक्षी निवडताना आपण रंग, आवाज, किंमत आणि तो बोलतो की नाही एवढेच पाहतो. वैद्यकाचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो. माणूस आणि पिंजऱ्यातला पक्षी एकाच हवेत श्वास घेतात. त्या हवेतून काय काय जाते-येते, हे समजायला माणसाला फार उशीर लागला आणि त्याची किंमत अनेकांनी जिवाने मोजली.

राजवाड्यातले पहारेकरी

आपल्याकडे पक्षी पाळणे फार जुने. वात्स्यायनाच्या कामसूत्रात चौसष्ट कलांची यादी आहे. तीत पोपट आणि मैनेला बोलायला शिकवणे ही एक कला म्हणून दिलेली आहे. म्हणजे सुसंस्कृत घरात बोलणारा पक्षी असणे हे तेव्हाही प्रतिष्ठेचे होते.

पण राजवाड्यात पक्ष्यांना आणखी एक काम होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या निवासाची व्यवस्था सांगताना पक्ष्यांचा उल्लेख येतो. सापाची किंवा विषाची शंका येताच पोपट आणि मैना ओरडतात, विषाजवळ क्रौंच बेभान होतो, चकोराच्या डोळ्यांचा रंग पालटतो, असे तिथे म्हटले आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानातही राजाच्या अन्नातील विष ओळखण्यासाठी अशीच पक्ष्यांची लक्षणे दिली आहेत. ही निरीक्षणे आजच्या कसोटीवर तशीच्या तशी उतरतील असे नाही. त्यामागची कल्पना मात्र लक्षात घेण्यासारखी आहे. आपल्याला धोका कळण्याआधी पक्ष्याला कळतो, हे त्या काळच्या वैद्यांनी आणि राजकारण्यांनी गृहीत धरले होते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनी हीच कल्पना कोळशाच्या खाणीत नेली. खाणीत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो. त्याला ना रंग, ना वास. हाल्डेन यांनी सुचवले की मजुरांनी सोबत लहान प्राणी न्यावा. पुढे त्यासाठी कॅनरी हा पिवळा पक्षी वापरात आला. माणसाला त्रास व्हायच्या आधी कॅनरी दांडीवरून खाली पडे आणि मजूर बाहेर धाव घेत. ब्रिटनच्या खाणींत ही पद्धत १९८६ पर्यंत चालू होती.

पक्ष्याला आधी त्रास का होतो? आपली फुप्फुसे भात्यासारखी फुगतात आणि रिकामी होतात. पक्ष्यांची फुप्फुसे तशी नसतात. बहुतेक पक्ष्यांच्या शरीरात फुप्फुसांना जोडलेल्या नऊ हवेच्या पिशव्या असतात आणि त्यांच्यामुळे ताजी हवा फुप्फुसांतून एकाच दिशेने सतत वाहत राहते. उडण्यासाठी लागणारा भरपूर प्राणवायू त्यांना असा मिळतो. पण हवेत विष असेल तर तेही तेवढ्याच वेगाने आत जाते.

याचा आजच्या घराशी थेट संबंध आहे. चुलीचा धूर, डासांची अगरबत्ती, कीटकनाशकाची फवारणी यांचा पक्ष्याला आपल्यापेक्षा लवकर त्रास होतो. नॉनस्टिक तवा गॅसवर रिकामा राहून फार तापला, तर त्यातून निघणाऱ्या वाफेने स्वयंपाकघरातला पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. म्हणून पिंजरा स्वयंपाकघरात टांगू नये.

१८७९: उलट दिशेने आलेला धोका

पक्षी आपल्याला वाचवतो, हे माणसाला माहीत होते. पक्ष्याकडून आपल्याला काही होऊ शकते, हे वैद्यकाच्या लक्षात आले ते १८७९ मध्ये. स्वित्झर्लंडमधील उस्टर या गावात याकोब रिटर नावाचे डॉक्टर होते. त्यांच्या सख्ख्या भावाच्या घरी एका विचित्र तापाने सात जण आजारी पडले आणि त्यांतले तिघे दगावले. लक्षणे अर्धी विषमज्वराची, अर्धी न्यूमोनियाची. रिटर यांनी घराची पाहणी केली, कोण कोणत्या खोलीत जात होते ते नोंदवले आणि संशय अभ्यासिकेतल्या पिंजऱ्यांवर घेतला. तिथे परदेशातून आणलेले पोपट आणि छोटे पक्षी होते. जंतू कोणता हे त्यांना सांगता आले नाही, पण बोट बरोबर जागी ठेवले.

१८९२ मध्ये पॅरिसमध्ये तेच घडले. दक्षिण अमेरिकेतल्या ब्यूनोस आयर्सहून जहाजाने पोपटांचा मोठा साठा आला. प्रवासातच बरेच पक्षी मेले, उरलेले विकले गेले. शहरात ४९ जण आजारी पडले, १६ मृत्युमुखी पडले. पुढे पोपटाच्या ग्रीक नावावरून या आजाराला ‘सिटॅकोसिस’ हे नाव मिळाले. त्यानंतर पस्तीस-छत्तीस वर्षे जग हा आजार जवळजवळ विसरले.

१९२९ च्या नाताळात अमेरिकेतल्या अ‍ॅनापोलिस गावात एका गृहस्थाने पत्नीला पोपट भेट दिला. सण येईपर्यंत पोपट मेला आणि जानेवारीत पत्नी, मुलगी आणि जावई तिघेही तापाने फणफणले. डॉक्टरांना निदान होईना. त्यांनी घरी हा विषय काढला, तेव्हा त्यांच्या पत्नीला वृत्तपत्रात वाचलेली अर्जेंटिनातल्या ‘पोपट-तापा’ची बातमी आठवली. तपासाला दिशा मिळाली ती अशी. रुग्णाच्या घरात कोण कोण राहते, या प्रश्नात पिंजऱ्यातला प्राणीही मोजावा लागतो, हे त्या एका आठवणीने दाखवून दिले.

ते तिघे बरे झाले. पण तोवर अनेक देशांत साथ पसरली होती. अमेरिकेत १६९ रुग्ण आढळले, ३३ दगावले. जगभरात मिळून ७५० ते ८०० रुग्णांची नोंद झाली. जानेवारी १९३० मध्ये राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी पोपटांच्या आयातीवर बंदी घातली. वॉशिंग्टनच्या सरकारी प्रयोगशाळेत तपास करणारे कर्मचारीच एकामागून एक आजारी पडले आणि एकाचा मृत्यू झाला. याच प्रयोगशाळेचे त्याच वर्षी ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ’ या प्रसिद्ध संस्थेत रूपांतर झाले.

हा आजार ज्या जंतूमुळे होतो त्याला आज ‘क्लॅमिडिया सिटासी’ म्हणतात. वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ श्वासातून आत गेली की तो फुप्फुसात उतरतो. कधी कधी पक्षी वरून ठणठणीत दिसतो आणि तरीही जंतू बाहेर टाकत असतो. प्रवासात कोंबलेले, उपाशी, घाबरलेले पक्षी तो जास्त टाकतात. पॅरिसला आलेल्या जहाजाची कथा आठवा आणि बाजारात एका पिंजऱ्यात खच्चून भरलेले पक्षी डोळ्यांपुढे आणा. दिलासा एवढाच की आज डॉक्सिसायक्लिन या औषधाने हा आजार बरा होतो. मात्र डॉक्टरला शंका यायला हवी आणि ती येण्यासाठी ‘घरी पक्षी आहे’ हे रुग्णाने सांगायला हवे.

१९६५: जंतूशिवायचा आजार

दुसरा धोका ओळखायला आणखी काळ लागला. कबुतरे पाळणे हा आपल्याकडचा जुना शौक. अकबराच्या दरबारात वीस हजारांहून अधिक कबुतरे होती, असे अबुल फजलने ऐन-ए-अकबरीत लिहिले आहे. युरोप-अमेरिकेतही कबुतरांचे शौकीन खूप होते. १९६५ मध्ये अमेरिकन डॉक्टरांनी अशा काही कबुतरपाळांचा आजार सविस्तर वर्णन केला. खुराडे झाडल्यावर चार ते आठ तासांनी ताप, थंडी, कोरडा खोकला, धाप, आणि एक-दोन दिवसांत सगळे ठीक. पुन्हा खुराडे झाडले की पुन्हा तेच.

इथे कोणताही जंतू नव्हता. पक्ष्याच्या विष्ठेतील आणि पिसांच्या भुकटीतील प्रथिनांविरुद्ध रुग्णाच्या शरीरानेच फुप्फुसात सूज निर्माण केली होती. वैद्यकात याला ‘हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस’ म्हणतात. आपल्या धानाच्या पट्ट्यात हे समजावणे सोपे आहे. बुरशी लागलेले तणस हलवल्यावर काही शेतकऱ्यांना रात्री ताप आणि धाप लागते. तो याच जातीचा आजार.

पाठोपाठ १९६६ मध्ये ब्रिटनमधून बजरीगर पाळणाऱ्यांचे रुग्ण नोंदले गेले आणि एक महत्त्वाचा फरक समोर आला. कबुतरवाला आठवड्यातून एकदा खुराडे झाडतो, त्याला मोठा डोस एकदम मिळतो, ताप येतो, म्हणून तो डॉक्टरकडे जातो. घरात दोन बजरीगर ठेवणाऱ्याला रोज थोडा थोडा डोस मिळतो. ताप येत नाही. जिना चढताना दम लागतो, ‘वय झालं’ असे तो म्हणतो, खोकल्याचे औषध घेतो. दोन-चार वर्षांनी फुप्फुसात जाळे तयार होते. आकसलेले, कडक झालेले ते फुप्फुस पुन्हा पूर्ववत होत नाही. घरात पक्षी ठेवणाऱ्या बहुसंख्य लोकांना हे होत नाही, हेही स्पष्ट सांगतो. पण कोणाला होणार हे आधी ओळखण्याची चाचणी नाही.

आपल्या घरातला कुलर

हे सारे परदेशातले झाले, आपल्याला काय, असे कोणी म्हणेल. भारतातील १९ शहरांतल्या २७ केंद्रांनी मिळून फुप्फुसात जाळे होणाऱ्या आजारांच्या १,०८४ रुग्णांची नोंद केली. हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दर शंभर रुग्णांमागे ४७ जणांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस होता, म्हणजे तोच पहिल्या क्रमांकाचा आजार. आणि त्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या घरात कशाचा संपर्क आढळला? पाण्याच्या कुलरचा. ओल्या ताट्यांवर बुरशी धरते आणि पंखा ती हवेत उडवतो. पक्षी हे त्या आजाराचे आणखी एक माहीत असलेले कारण.

आता भंडारा जिल्ह्यातला मे महिना आठवा. घरातल्या एकाच थंड खोलीत सगळे कुटुंब झोपते आणि पक्ष्याला ऊन लागू नये म्हणून पिंजराही मायेने कुलरसमोर ठेवला जातो. बुरशी आणि पिसांची भुकटी एकाच झोतातून रात्रभर अंथरुणावर येते. हेतू चांगला, जागा चुकीची. पिंजरा सावलीच्या, वारा खेळत्या ओसरीत ठेवा, वर ओले गोणपाट टाका. कुलरच्या ताट्या दर हंगामाला बदला आणि टाकी नियमित घासा.

मुंबईत २०२५ मध्ये कबुतरखान्यांचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. श्रद्धा एका बाजूला, फुप्फुसाचे रुग्ण दुसऱ्या बाजूला. वाद शहरातला असला तरी त्यामागचे शास्त्र आपल्या सज्जातल्या कबुतरांनाही लागू आहे. कबुतराच्या जुन्या विष्ठेत क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी वाढते, हे १९५५ मध्येच दाखवले गेले होते. एचआयव्ही, कर्करोगाचे उपचार किंवा अवयव प्रत्यारोपण यांमुळे प्रतिकारशक्ती कमी झालेल्यांना तिच्यामुळे मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते.

मिठू का नको?

बहुतेकांच्या मनात पक्षी म्हटले की हिरवा, लाल चोचीचा मिठूच असतो. त्याला घरात आणणे आज गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर कडक झालेल्या बंदीने पोपट, पहाडी पोपट, मैना, मुनिया अशा देशी रानपक्ष्यांना पकडणे, विकणे आणि पाळणे बंद केले. २०२२ च्या दुरुस्तीने पोपटाचे संरक्षण आणखी वाढवले.

आरोग्याच्या बाजूनेही कायदा योग्यच आहे. ढोलीतून काढलेली पिले पोत्यात भरून बाजारात येतात, वाटेत बरीच मरतात आणि उरलेली आजारी असतात. घरात आधीच माणसाळलेला पोपट असेल तर तो उडवून देऊ नका. त्याला अन्न शोधता येत नाही, तो मरतो. वनविभागाशी बोला. नागपूरला सेमिनरी हिल्सवर वन्यप्राण्यांसाठी ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे.

देशी पक्षी पाहण्याचे भाग्य तर आपल्याला फुकट लाभले आहे. पूर्वी आपल्याच भंडारा जिल्ह्यात असलेल्या नवेगाव बांध इथे वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांनी अनेक वर्षे पक्ष्यांचा अभ्यास केला. स्थानिक जाणकारांकडून ते शिकले आणि पुढे त्यांनी मराठीला ‘पक्षिकोश’ दिला. महाराष्ट्रातले सारस आज गोंदिया-भंडारा भागातल्या धानाच्या बांध्यांतच उरले आहेत. मुलांना एक दुर्बीण घेऊन द्या. पिंजऱ्याची साफसफाई वाचेल.

परसातल्या कोंबड्या

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. तेव्हा माणसाला लागण झाली नाही. २०२१ मध्ये मात्र दिल्लीत एका मुलाचा या विषाणूने मृत्यू झाला. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. तपासणीत कारण निघाले तोच एच५एन१ विषाणू.

याचा अर्थ कोंबड्या पाळू नका असा नाही. खुराडे झोपायच्या खोलीपासून दूर ठेवा. अचानक एकापेक्षा जास्त पक्षी मेले तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. मेलेली कोंबडी कापून खाऊ नका.

मग कोणता पक्षी?

आधी घरातली माणसे पाहा, मग पक्षी.

घरात दम्याचा, फुप्फुसाच्या जाळ्याचा, जुन्या क्षयामुळे फुप्फुस खराब झालेला किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेला रुग्ण असेल, तर पिंजरा नकोच. हे माझे स्पष्ट मत आहे.

घर एक-दोन खोल्यांचे, बंदिस्त असेल तर कबुतर, काकाकुवा, आफ्रिकन ग्रे आणि कॉकाटील टाळा. या पक्ष्यांच्या पिसांतून पांढरी भुकटी सतत गळते.

मोकळी ओसरी असेल आणि सगळे निरोगी असतील, तर झेब्रा फिंच किंवा बजरीगरची जोडी चालेल. फिंच लहान असतात, आवाज कमी, भुकटीही कमी. त्यांना हाताळायचे नसते, फक्त पाहायचे असते. बजरीगर ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या प्रदेशातला. इंग्रज पक्षितज्ज्ञ जॉन गोल्ड यांनी तो १८४० मध्ये इंग्लंडला नेला, तेव्हापासून तो पिंजऱ्यातच वाढतो आहे. आपल्याकडे अनेक दुकानदार यालाच ‘लव्हबर्ड’ म्हणून विकतात. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला असतो आणि दिवसभर कर्कश ओरडतो. शेजारी आणि परीक्षा देणारी मुले असतील तर विचार करा.

वयाचाही हिशेब करा. बजरीगर पाच ते दहा वर्षे जगतो, कॉकाटील पंधरा-वीस, मकाव पन्नासहून अधिक. सत्तरीच्या आजोबांसाठी मकाव आणला तर पुढे त्याला कोण सांभाळणार? मकाव, आफ्रिकन ग्रे, सन कोन्युअर यांसारख्या विदेशी पक्ष्यांची २०२४ च्या नियमांनुसार सरकारी ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणीही लागते.

पक्षी घ्याल तो स्वच्छ, मोकळ्या पिंजऱ्यातला घ्या. पिसे फुगवून बसलेला, डोळे-नाक वाहणारा, पातळ विष्ठा करणारा पक्षी स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. पहिला महिना त्याला घरातल्या इतर पक्ष्यांपासून वेगळा ठेवा. तळाचा कागद रोज बदला. पिंजरा कोरडा झाडू नका, पाणी शिंपडून ओल्या फडक्याने पुसा, एन-९५ मास्क लावा आणि नंतर साबणाने हात धुवा. पक्ष्याला तोंडाने दाणा भरवू नका आणि पाच वर्षांखालच्या मुलाकडे पिंजरा साफ करायला देऊ नका.

डॉक्टरला काय सांगाल?

पक्ष्याच्या संपर्कानंतर ताप, जोराची डोकेदुखी, अंगदुखी आणि कोरडा खोकला आला, किंवा तीन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला, किंवा पूर्वी सहज चढत होतात त्या पायऱ्यांवर दम लागू लागला, तर डॉक्टरला गाठा. आपल्या भागात लांबलेल्या खोकल्यात थुंकीची क्षयासाठी तपासणी आधी व्हायलाच हवी. ती स्वच्छ आली आणि दम तरी वाढत असेल, तर श्वसनक्षमतेची तपासणी आणि छातीचा सीटी स्कॅन लागू शकतो. आजार पक्ष्यामुळे असल्याचे ठरले तर औषधापेक्षा मोठा उपाय म्हणजे पक्षी घरातून हलवणे. त्याची धूळ पडदे-गाद्यांत महिनोन्‌महिने राहते, म्हणून घरही ओल्या फडक्याने पुसून काढावे लागते.

माझ्याकडे लांबलेला खोकला घेऊन कोणी आले की मी चार गोष्टी विचारतो: बिडी, चूल, तणस आणि पक्षी. पहिल्या तिन्हींची उत्तरे लगेच मिळतात. चौथ्याला लोक हसतात. तुम्हाला कोणी विचारले नाही तर तुम्ही स्वतःहून सांगा. घरात पिंजरा आहे, कुठे ठेवला आहे आणि तो कोण झाडतो, एवढी तीन वाक्ये पुरतात.